काचेवरचा फवारा

आज शिवाजी विद्यापीठातल्या लॅबमध्ये दिवसभर स्प्रे पायरोलिसिस, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून पातळ थर बसवणं, चाललं. टिन क्लोराइडच्या द्रावणात थोडं अमोनियम फ्लोराइड आणि सुमारे 450 अंशांवर तापलेल्या काचेवर त्याचा बारीक फवारा; तिथे टिन ऑक्साइडचा पातळ थर बसतो. गार झालेली काच तिरकी धरली की फिकट हिरवी-गुलाबी झाक दिसते, सरळ धरली की पलीकडची झाडं स्वच्छ. आणि मल्टिमीटर टेकवला तर काचेवरच्या थरातून चक्क वीज वाहते! थरातल्या ऑक्सिजनच्या जागी बसलेला फ्लोरिन एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. बँड गॅप, म्हणजे थरातल्या बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी ऊर्जा, 3 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर; दिसणाऱ्या प्रकाशात तेवढी ऊर्जा नसते, म्हणून तो अडत नाही. मोबाइलच्या स्क्रीनवरच्या अशाच पारदर्शक, वीजवाहक थराला इंडियम हा धातू लागतो, तो दुर्मीळ नि महाग. म्हणूनच मला या साध्या फवाऱ्याचं फार अप्रूप. उद्या फ्लोरिन जरा वाढवून बघणार, पण बेतानेच. अती झालं की विजेला होणारा रोध उलट चढतो.