आधी माफी, मग खळ

मी १९९१ च्या दहावीच्या तुकडीचा. घरी सत्यनारायणाची आरती, शाळेत सकाळी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही ख्रिस्ती प्रार्थना. दोन्ही तोंडपाठ, त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही.

नववीत असताना ग्रंथालयातल्या मासिकांमधून क्रिकेटपटूंची रंगीत पानं गायब होऊ लागली. ब्लेडने अगदी सफाईने कापलेली. चोर आमच्याच वर्गातला निघाला. आता पालकांना बोलावणं जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. ग्रंथालय सांभाळणारे सर ख्रिस्ती. स्वभावाने तसे तापट. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘माफ केलं. उद्यापासून मधल्या सुट्टीत इकडे यायचं.’’

दुसऱ्या दिवसापासून पोरगा बांधणीला बसला. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं, पुठ्ठा कापायचा, दाभणाने भोकं पाडून सुटलेली पानं शिवायची. वर्गात आला की खळीचा वास यायचा. वर्ष संपेस्तोवर त्याने अख्खं कपाटभर पुस्तकं बांधून काढली.

‘‘सर, माफ केलं तर मग शिक्षा कशाला?’’ आमच्यातल्या एकाने विचारलंच.

‘‘शिक्षा नाही रे, भरपाई,’’ सर म्हणाले आणि त्यांनी बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट काढली. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून गब्बर झालेला. ठेंगणा, म्हणून येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू त्याला नावाने हाक मारून खाली उतरवतो आणि ‘आज मुक्काम तुझ्याकडे’ म्हणतो. लोक कुरकुरतात, कारण जक्कयाने अजून एक छदामही परत केलेला नसतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे तो त्यानंतर बोलतो. ‘‘आधी काय झालं, मग काय झालं, ते बघा,’’ असं सर बजावायचे.

ख्रिस्ती माफी फार स्वस्त, रविवारी कबुली द्यायची नि सोमवारी मोकळं, हे मी पुढे बाहेर पुष्कळ ऐकलं. बोलणाऱ्यांच्या कानावर ते ‘चौपट’ गेलेलं नसावं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सिस्टर राणी मारिया यांना इंदूरला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केल्याची बातमी वाचली आणि सरांना भेटायला गेलो. केरळच्या या धर्मभगिनी मध्य प्रदेशात सावकारीत अडकलेल्या आदिवासींसाठी काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. सिस्टरांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ मध्ये तो सुटला.

मी सरांना म्हटलं, जक्कय निदान झाडावर तरी चढला होता. ज्याला पश्चात्तापच नाही, त्याला माफ करून काय उपयोग?

‘‘येशूने वधस्तंभावरून ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ म्हटलं, तेव्हा खाली कोण माफी मागत होतं?’’ सर म्हणाले. ‘‘शिपाई चिठ्ठ्या टाकून त्याचे कपडे वाटून घेत होते.’’

मला ते पटलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ‘‘नको पटू दे,’’ म्हणाले, ‘‘चहा घेणार ना?’’