आयी, ही कशी दिली?

मार्च महिन्यातली सकाळ होती. चीनमधल्या नानचिंग शहरात तेव्हा बोलताना तोंडातून वाफ निघते आणि खिशातले हात बाहेर काढवत नाहीत. वसतिगृहापासून दहा मिनिटांवर असलेल्या भाजीबाजारात शिरले आणि समोर मेथीचा ढीग! तीन-तीन पानं, कोवळे देठ, वर पाण्याचा शिडकावा. सप्टेंबरमध्ये इथे आल्यापासून मेथी डोळ्यांनी पाहिली नव्हती. जवळजवळ धावतच गेले, एक देठ खुडला, पान बोटांत चुरगाळून नाकाशी धरलं. ओल्या गवतासारखा वास आला, मेथीचा नाही. चावून पाहिलं, कडूपणाचं नाव नाही. तिथेच डोळे भरून आले.

भाजीवाल्या बाईंना वाटलं असणार की मला माल शिळा वाटतोय. त्यांनी ढिगाच्या तळातून एक मूठ उपसून माझ्यापुढे धरली. "मूशुथोउ," त्या म्हणाल्या. "आज पहाटे खुडलेली आहे."

खोलीवर येऊन शोधलं तेव्हा कळलं, ही लसूणघासाची बहीण. आमच्या गोठ्यात म्हशींपुढे टाकतात तोच लसूणघास. मेथीही त्याच गोतावळ्यातली, म्हणून पान इतकं सारखं. त्या दिवशी पाव किलो घेतली, भरपूर लसूण आणि सुकी मिरची घालून परतली. मेथी लागली नाही, लागणारही नव्हती. पण पानं जिभेवर विरघळत होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मी ताटातली भाजी खाताना दुसरी कुठली भाजी आठवत बसले नाही.

त्याआधीचे सहा महिने माझे वाईट गेले होते. आईने बॅगेत गोडा मसाला, हिंग, हळद, दोन किलो पोहे सगळं भरून दिलं होतं. मसाले होते, पण ते कशात घालायचे? सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या ताटलीत घट्ट गुंडाळलेल्या भाज्या, वर चिनी अक्षरं. ओळखीचे बटाटे, फ्लॉवर, गाजर, टोमॅटो उचलायचे आणि निघायचं. बटाटा-फ्लॉवर, फ्लॉवर-बटाटा. वजन उतरलं, केस गळायला लागले. आईला व्हिडिओ कॉलवर ताट दाखवायचं टाळायला लागले.

ऑक्टोबरमध्ये एकदा धीर करून या बाजारात आले होते, आणि तो दिवस मी विसरू शकत नाही. दोन किलो बटाटे हवे होते. 'चिन' म्हणजे किलो असं मी धरून चालले होते, म्हणून "ल्यांग चिन" म्हणाले. पिशवी हातात घेतली तर हलकी. बाजाराच्या दारापाशी एक काटा ठेवलेला असतो, गिऱ्हाइकाने स्वतः वजन तपासून बघावं म्हणून. त्यावर ठेवलं, आकडा आला एक किलो आणि वर थोडं. माझं डोकं तापलं. परत जाऊन पिशवी बाईंच्या फळीवर आदळली आणि इंग्रजी, मराठी, जे तोंडात येईल त्यात बोलले. बाई गोंधळून बघत राहिल्या. शेजारी कोबी घेणाऱ्या एका आजोबांनी शेवटी माझ्या मोबाइलवर लिहून दाखवलं: 1 चिन = 500 ग्रॅम. किलोला इथे 'कोंगचिन' म्हणतात. बाईंनी दोन चिन अगदी चोख दिले होते, उलट एक छोटा बटाटा जास्तच होता.

माफी मागायला लागणारे शब्द तेव्हा माझ्याकडे नव्हते. पिशवी उचलून निघून आले आणि पुढचे पाच महिने तिकडे फिरकले नाही. मार्चमध्ये मूशुथोउची मूठ पुढे धरणाऱ्या बाई त्याच होत्या.

एप्रिलमध्ये, वाक्य चार वेळा कागदावर लिहून पाठ करून, मी त्यांना म्हटलं की त्या दिवशी माझं चुकलं होतं. त्या हात पुसत म्हणाल्या, "बघायलाच हवं मोजून. काटा त्याच्यासाठीच ठेवलाय." आणि कांद्याच्या पातीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या. पातीचे पैसे इथे नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून बरेच जण घेत नाहीत. आपल्याकडे भाजीवर मूठभर कोथिंबीर टाकतात तसंच.

आईच्या वयाच्या बाईला चिनी भाषेत 'आयी' म्हणतात. अर्थ मावशी, पण उच्चार ऐका: आ-यी. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा माझाच आवाज मला वेगळा वाटला. आता सवय झाली, तरी आजारी असताना बाजारात गेले की ती हाक थोडी लांबते.

भाषेच्या वर्गात 'हे कितीला आहे?' असं पुस्तकी वाक्य शिकवलं होतं. बाजारात ते फारसं कानावर पडत नाही. तिथे म्हणतात, "चं मा माय?" म्हणजे कसं विकता? आपण "मेथी कशी दिली?" विचारतो, अगदी त्याच चालीचं वाक्य. आणि 'त्साय' हा शब्द तर मला फार आवडतो. बाजारातून आणलेली कच्ची तीही त्साय आणि कढईतून ताटात आलेली तीही त्साय. आपली भाजी तशीच ना! (त्यांच्याकडे मासा-मटणाचं कालवणही त्सायच, तेवढा फरक.) एक सांभाळायचं: 'माय' खाली जाऊन वर येणाऱ्या स्वरात म्हटलं तर विकत घेणं, आणि वरून खाली झटक्यात सोडलं तर विकणं. भाजीबाजारात या दोन्हींचं काम पडतं, म्हणून स्वर तिथेच पक्के होतात.

आकडे मला आयींच्या फळीवरच्या छोट्या स्पीकरने शिकवले. इथे सगळे मोबाइलने पैसे देतात. प्रत्येक फळीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला असतो, तो स्कॅन करून पैसे पाठवले की स्पीकर रक्कम मोठ्याने बोलतो. सुरुवातीला मी नुसती बाजूला उभी राहायचे. समोरच्या आजी मोबाइल पुढे करायच्या, स्पीकर म्हणायचा 'सान त्यॅन वू य्वान', आणि मी मनात म्हणायचे साडेतीन युआन. एक युआन म्हणजे 12 रुपयांच्या आसपास. आयी मात्र बोलताना युआन म्हणत नाहीत, 'ख्वाय' म्हणतात. गर्दीत ऐकू येत नसेल तर बोटं. एका हाताने दहापर्यंत मोजतात: अंगठा आणि करंगळी बाहेर काढली की सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ, तर्जनी आकड्यासारखी वाकवली की नऊ. अस्सल नानचिंगकर 'न' आणि 'ल' यांत फरक करत नाहीत, स्वतःच्या शहराला 'लानचिंग' म्हणतात, त्यामुळे पुस्तकातली चिनी घेऊन बाजारात आलेल्याला बोटांचा मोठा आधार आहे.

नानचिंगच्या लोकांचं पालेभाज्यांवरचं प्रेम मात्र बघायलाच हवं. वसंतात 'सात थोउ आणि एक नाव' असं म्हणतात. थोउ म्हणजे डोकं, इथे कोवळा शेंडा; आणि हे 'नाव' आपलं नव्हे, चिनीत त्याचा अर्थ मेंदू. मूशुथोउ त्यातलीच. वाटाण्याच्या वेलाचे शेंडे, श्यांगछुन झाडाची तांबूस कोवळी पानं, मालानथोउ नावाची रानभाजी, अशा सात. आणि एक 'नाव' म्हणजे च्यूह्वानाव, शेवंतीच्या कुळातल्या एका रोपाची कोवळी पानं. यातल्या पुष्कळ भाज्यांचा भर थोडेच आठवडे असतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण येतो, तोवर मालानथोउ कोवळी मिळते, नंतर निबर होते. बाजाराच्या दाराबाहेर काही म्हाताऱ्या बायका गोणपाट अंथरून हेच शेंडे विकतात. एकीकडे अजून दांडीचा काटा आहे, दांडीवरची दोरी सरकवत वजन करते.

च्यूह्वानाव पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ते तण वाटलं. आयींनी एक पान चुरगाळून माझ्या तळहातावर ठेवलं. शेवंतीच्या फुलाचा तो थंड, किंचित औषधी वास. मी विचारलं, "च गं चं मा छ्र?" हे कसं खायचं? या एका वाक्यावर मी दोन वर्षं जेवतेय. त्यांनी हाताने अंडं फोडून दाखवलं, फेटून दाखवलं, वरून पानं सोडून दाखवली. इथे त्याचं साधं सार करतात, वर फेटलेलं अंडं सोडतात, उन्हाळ्यात पोटाला थंड म्हणून पितात. मी तसं एकदा केलं आणि आवडलं. मग दुसऱ्या आठवड्यात शिजलेल्या मुगाच्या डाळीत घालून, लसणाची चरचरीत फोडणी देऊन पातळ भाजी केली. साल काढलेले मूग इथे धान्याच्या दुकानात मिळतात. ती भाजी आणि भात मी आईला कॅमेऱ्यासमोर नेऊन दाखवला. ती कितीतरी वेळ नाव विचारत होती आणि मी सांगत होते.

मे-जूनमध्ये तर आपला माठच येतो. श्येनत्साय. हिरव्या पानाच्या मधोमध लाल डाग असलेला, शिजला की कढईत गुलाबी पाणी सोडणारा. इथली मुलं ते पाणी भातावर ओतून भात रंगवतात. लहानपणी मीही हेच करायचे. सप्टेंबरमध्ये शिंगाडे येतात, 'लिंगच्याव', आणि ओलेच मिळतात. एकादशीला शिंगाड्याचं पीठ खाल्लेल्या मला त्याचं ताजं, कुरकुरीत, गोडसर फळ नानचिंगमध्ये पहिल्यांदा चाखायला मिळालं. घोसाळी, कारली, अळकुड्या, भेंडी हे सगळं आहे. फक्त नावानिशी मागता आलं पाहिजे.

नव्याने आलेल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: निदान पहिलं वर्ष ॲपवरून भाजी मागवू नका. अर्ध्या तासात दारात येते हे खरं, परीक्षेच्या आठवड्यात मीही मागवते. पण ॲपला तुम्ही हे कसं खायचं ते विचारू शकत नाही. सकाळी आठच्या आत जा, तेव्हा दोन चाकांच्या पिशव्या ओढत आजी-आजोबा आलेले असतात. ते ज्या फळीपुढे थांबतात तिथेच थांबा. पैसे कमी असतील तर संध्याकाळी जा, उरलेल्या पालेभाज्यांचे वाटे स्वस्तात सुटतात. फार घासाघीस करू नका. वरचे सुटे पैसे आयी आपणहून सोडतात. मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात फ्रीज लहान असतो, म्हणून दोन दिवसांपुरतंच घ्या. जून-जुलैच्या झडीत तर एका दिवसापुरतंच. त्या पावसाला इथे 'मेयू' म्हणतात, आणि दमटपणा असा की लसणालाही बुरशी येते. चिनी नववर्षाच्या सुट्टीत अर्ध्या फळ्या रिकाम्या होतात, कारण विकणारे आपापल्या गावी जातात. आयी शेजारच्या आनह्वेई प्रांतातल्या. जाण्याआधी त्या मला आठवण करून देतात: कोबी, मुळा, बटाटे आत्ताच घेऊन ठेव.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे दोन चिन कोथिंबीर मागितली. त्यांचा हात थांबला. श्यांगत्साय इथे चिमूटभर लागते, वरून घालायला. किलोभर कोण नेतं? मोजून झाल्यावर त्यांनीच मला विचारलं, "च गं चं मा छ्र?"

मला वड्यांना 'उकडणं' सांगता आलं, 'थापणं' हाताने दाखवलं, हरभऱ्याच्या पिठाला शब्द सापडेना. ते पीठ मी ऑनलाइन मागवते, बाजारात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हटलं, उद्या आणते. दुसऱ्या दिवशी डब्यात आठ वड्या नेल्या, कडा खरपूस तळलेल्या, वर तीळ. आयींनी एक उचलली, शेजारच्या टोफूवाल्या काकांना एक दिली. सावकाश चावत राहिल्या. मग फळीखालून जेवणाचा डबा काढला, त्यातली चन्च्यांग शहराच्या काळ्या व्हिनेगरची छोटी बाटली उघडली, झाकणात थोडं ओतलं आणि दुसरी वडी त्यात बुडवली.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण व्हिनेगर हवं."

मीही एक बुडवून खाल्ली. हवंच होतं.