उलटा एस

चित्रकलेच्या वर्गातल्या कपाटावर क्रीडामहोत्सवाचं एक पोस्टर बरीच वर्षं चिकटवलेलं होतं. त्यातला शेवटचा ‘एस’ उलटा होता. तो माझा.

आठवीत होतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत भूमिती-अक्षरलेखनात बरे मार्क पडले, एवढ्या भांडवलावर सर मला बाजारातल्या छापखान्यात घेऊन गेले. ‘अ‍ॅन्युअल स्पोर्ट्स’ असे दोनच शब्द मोठे छापायचे होते, तेही इंग्रजीत. (मराठी शाळेला इंग्रजी कशाला? बक्षिसं द्यायला साहेब येणार होते ना!) छापखानेवाल्या काकांनी तळातला खण ओढला. रॉकेलच्या वासाची, शाई पिऊन काळी पडलेली लाकडी अक्षरं, वीतभर उंच. ‘पी’चा दांडा दोन बोटं जाड, त्याच्या पोटात कोरलेली वेल, आणि पायाशी आडवी रेघ मात्र नखाच्या कडेएवढी. ‘एन’चे उभे दांडे बारीक, तिरपा जाड. परीक्षेत मी नेमकं उलटं काढलं होतं.

“हे वाचायचं अक्षर नाही रे,” सर म्हणाले, “रस्त्यापलीकडच्या माणसाला थांबवायचं आहे.”

पुढे कमर्शियल आर्टला गेल्यावर या अक्षराचं कूळ कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्न वगैरे टाइप ओतणाऱ्यांनी लॉटरीच्या, नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरं अशी फुगवली. एवढी मोठी अक्षरं शिशात ओतायची तर वजन आणि खर्च दोन्ही अफाट. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्रावर लाकडी अक्षरं काढायला घेतली. १८३४ मध्ये लेव्हनवर्थ नावाच्या माणसाने त्याला पँटोग्राफ, म्हणजे नमुना लहान-मोठा करून गिरवणारी दांड्यांची जोडणी, जोडला. मग एका नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर निघू लागलं आणि नक्षीचा सुकाळ झाला.

आमच्याकडे मात्र ‘एस’चा दुष्काळ. दोन हवे होते, त्यातला एक तडकलेला. सर म्हणाले, “लिनोवर कोर.” लिनो म्हणजे छापासाठी कोरता येणारी मऊ लादी. चांगल्या ‘एस’चा कागदावर छाप घेतला, तो लिनोवर जसाच्या तसा उतरवला आणि दोन संध्याकाळी खपून वेलीसकट कोरला. ठोकळ्यावर चिकटवून, खाली कागद सारून बाकीच्या टाइपाच्या उंचीला आणला. प्रूफ निघालं आणि काका हसायलाच लागले. ठोकळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असावं लागतं, हे अक्षरलेखनाच्या वर्गात कुठे येतं? त्यांनी ठोकळा डोक्यावर उभा करून पाहिला. पण ‘एस’ खालचा वर केला तरी तसाच राहतो. फक्त खालचं मोठं पोट वर गेल्यामुळे आता तो कलंडेल असा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी सामने. सर क्षणभर प्रूफाकडे बघत राहिले. “छापा,” म्हणाले.

तो ठोकळा माझ्या टेबलावर आहे. येणारे-जाणारे हातात घेऊन म्हणतात, काय सुरेख ‘एस’ आहे! नुसता पाहिला तर अगदी सुलटा दिसतो.