धन मूळही बाद होतं

भूमितीवरच्या शाब्दिक उदाहरणांचा शेवट बहुतेकांना पाठ असतो: ‘लांबी ऋण नसते, म्हणून हे मूळ बाद.’ पण वर्गसमीकरणाची दोन्ही मुळं, म्हणजे उत्तरं, धन आली तर?

३० मी लांब, २० मी रुंद बाग. आतून चारही कडांना सारख्या रुंदीची पायवाट. मधली हिरवळ ४१६ चौमी उरते. पायवाट किती रुंद?

आधी आकृती काढा. रुंदी क्ष मानली तर वाट दोन्ही बाजूंनी जागा खाते, म्हणून हिरवळीच्या बाजू (३० − २क्ष) आणि (२० − २क्ष). समीकरण मांडण्यापूर्वीच शेजारी लिहून ठेवा: ० < क्ष < १०. दोन्हीकडून दहा-दहा मीटर गेले की हिरवळ उरतच नाही.

(३० − २क्ष)(२० − २क्ष) = ४१६
४क्ष² − १००क्ष + १८४ = ०
क्ष² − २५क्ष + ४६ = ०
(क्ष − २)(क्ष − २३) = ०

२३ धन आहे, तरी बाद. गंमत म्हणजे ते समीकरणात चपखल बसतं: (−१६) × (−२६) = ४१६. त्यामुळे ताळा फक्त समीकरणात घालू नका, आकृतीत घाला. क्ष = २ घेतल्यावर हिरवळ २६ × १६ = ४१६.

सगळ्यात जास्त चूक होते ती २क्ष ऐवजी क्ष वजा करण्यात. तेव्हा क्ष² − ५०क्ष + १८४ = ० मिळतं आणि मुळं येतात ४ आणि ४६. तीही पूर्णांक! अवयव सुबक पडले म्हणजे मांडणी बरोबर, या समजुतीवर अजिबात विसंबू नये. ४ मी वाटेला हिरवळ २२ × १२ = २६४ चौमीच उरते.

उलट, कधी दोन्ही मुळं ठेवावी लागतात. भिंतीला लागून तीन बाजूंना ४० मी जाळी लावून १५० चौमीचा आयत हवा. भिंतीला लंब बाजू क्ष मानू: क्ष(४० − २क्ष) = १५०, म्हणजे क्ष² − २०क्ष + ७५ = ०; क्ष = ५ किंवा १५. आयत ५ × ३० किंवा १५ × १०. दोन्ही चालतात. भिंत २५ मीच लांब असेल, तर मात्र पहिला गेला.

त्याच जाळीने चारही बाजू घेरून १०५ चौमी मागितले तर क्ष² − २०क्ष + १०५ = ०. विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ४०० − ४२० = −२०, म्हणजे ऋण; वास्तव मूळच नाही. इथे आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका, असा आयतच नसतो. ४० मी परिमितीत जास्तीत जास्त १०० चौमी मावतात, तेही १० मी बाजूच्या चौरसात.