खर्जाच्या माहेरी: बेस घेऊन डेट्रॉईटला

बेस गिटार घेऊन विमानाने जायचे ठरवले की पहिली अडचण लांबीची येते. साध्या गिटारची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत साधारण पंचवीस इंच भरते, बेसची चौतीस. त्यामुळे टोकापासून बुडापर्यंत मोजले तर माझे वाद्य ११७ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि केबिनमध्ये न्यायच्या बॅगेची मर्यादा तर बहुतेक ठिकाणी ५५ सेंटिमीटर असते. चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, त्याने फेब्रुवारीत तीन आठवड्यांसाठी मला डेट्रॉईटला पाठवायचे ठरवले, तेव्हा बेस न्यावा की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. डेट्रॉईटजवळच्या नोव्हायला राहणाऱ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला आणि प्रश्न मिटला. "माझ्याकडे एकच आहे आणि आपण दोघं आहोत. घेऊन ये," एवढेच तो म्हणाला.

दादा आणि मी दोघेही बेस वाजवतो हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट समजलेले नाही. गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात आम्ही मागे, ड्रमच्या शेजारी उभे असतो आणि कार्यक्रम संपल्यावर "तू नक्की काय वाजवत होतास?" असे हमखास विचारले जाते. तक्रार नाही, या वाद्याचे कामच तसे आहे. सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंपते आणि तो स्वर ऐकण्यापेक्षा छातीला जास्त जाणवतो. वाजत असताना कोणाचे लक्ष नसते, पण थांबला की गाण्याखालची जमीनच सरकते.

डेट्रॉईट म्हटले की पुण्याच्या माणसाला मोटारी आठवतात, कारण आमच्यापैकी कित्येकांचे पोट त्याच धंद्यावर चालते. बेस वाजवणाऱ्याला मात्र पहिल्यांदा जेम्स जेमर्सन आठवतो. १९३६ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर जन्मलेला हा माणूस १९५४ मध्ये डेट्रॉईटला आला, शाळेत उभा डबल बेस शिकला आणि पुढे मोटाऊन या कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर वाजवत राहिला. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची तेव्हा पद्धत नव्हती. गायक मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या १९७१ च्या अल्बमवर त्याचे नाव पहिल्यांदा छापले गेले, तोपर्यंत त्याच्या कामाला दशकभर लोटले होते.

प्रवासातला एक प्रसंग सांगतो. अमेरिकी विमान कंपन्यांना २०१५ पासून असा नियम आहे की वरच्या कप्प्यात किंवा आसनाखाली बसणारे आणि त्या वेळी जागा असलेले वाद्य त्यांनी केबिनमध्ये नेऊ द्यायला हवे. ही "त्या वेळी जागा असलेले" म्हणजे खरी मेख. शिवाय माझा पहिला टप्पा अमेरिकी कंपनीचा नव्हताच. मुंबईहून निघताना सगळे हसतमुखाने पार पडले. युरोपातल्या विमानतळावर विमान बदलताना मात्र दारातच बॅग काढून घेतली गेली आणि तिच्यावर मालाची चिठ्ठी डकवली गेली. माझी बॅग मऊ कापडाची होती. दोन मिनिटे मिळाली, तेवढ्यात मी चारही तारा सैल केल्या आणि अंगातला स्वेटर काढून बेसच्या नेकभोवती, म्हणजे लांब दांडीभोवती, गुंडाळला. डेट्रॉईटला बॅग मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर आली, तेव्हा स्वेटर शाबूत होता आणि एक खुंटी वाकलेली होती. बाहेर उणे अकरा तापमान असताना तो स्वेटर अंगात चढवायचे सोडून मी उघड्या बॅगेपुढे उकिडवा बसलो होतो. दादा समोर उभा राहून हसत होता.

खुंटी दादाने पक्कडीने सरळ केली. पुढची अडचण हवेची होती. अमेरिकेत हिवाळ्यात घरे दिवसरात्र गरम ठेवतात आणि त्यामुळे आतली हवा विलक्षण कोरडी होते. पुण्याच्या हवेत मुरलेले लाकूड तिथे चार दिवसांत आकसले. नेकवर आडवे बसवलेले धातूचे पट्टे, म्हणजे फ्रेट, मात्र आकसत नाहीत, त्यामुळे नेकच्या कडेने हात फिरवला की त्यांची टोके करवतीच्या दात्यांसारखी बोटाला लागू लागली. माझ्या बेसच्या नेकवरची, जिच्यावर बोटे दाबतात ती पट्टी शिसवीची आहे. मेक्सिकोत बनलेल्या या वाद्यावर भारतीय शिसवी लावलेली आहे, म्हणजे ते लाकूड बहुधा आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडून समुद्रापार गेले, वाद्य होऊन पुण्यात परत आले आणि आता मिशिगनमध्ये सुकत होते. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या साऱ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा कारखान्यांनी घाईघाईने दुसरी लाकडे शोधली. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या काळातले, पाऊ फेरो नावाचे लाकूड लावलेले बेस अजून दुकानांत दिसतात आणि ते वाईट आहेत असे मला तरी वाटत नाही.

शनिवारी आम्ही वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या, मोटाऊनच्या जुन्या घरी गेलो. बाहेरून पाहिले तर साधे दुमजली घर, दर्शनी भागावर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' ही निळी अक्षरे. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाऊन कंपनी काढली आणि १९५९ मध्ये हे घर घेतले. मागच्या बाजूला पूर्वी छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता, तिथे ध्वनिमुद्रणाची खोली झाली. कंपनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली आणि १९८५ मध्ये गॉर्डीच्या बहिणीने इथे संग्रहालय सुरू केले. भरभराटीच्या काळात ही खोली दिवसाचे बावीस तास चालू असे. आमच्या सोसायटीचा हॉल तिच्यापेक्षा मोठा आहे. छतावरून लोंबणाऱ्या केबलींमुळे वादक तिला 'स्नेकपिट', म्हणजे सापांचा खड्डा, म्हणत. वरच्या मजल्यावर छताला एक चौकोनी भोक आहे. आवाज त्यातून माळ्यावर पाठवून घुमवून परत घेत. मार्गदर्शक मुलीने त्याखाली उभे राहून टाळी वाजवली आणि ती टाळी एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखी परतली.

आम्हाला मात्र त्या भोकाशी फारसे देणेघेणे नव्हते. इथे बेसचा आवाज स्पीकरसमोर माइक ठेवून नव्हे, तर वाद्याची केबल थेट मुद्रणाच्या यंत्रणेला जोडून घेतला जात असे. म्हणजे त्या प्रसिद्ध आवाजात खोली जवळजवळ नाहीच. आहेत ती बोटे, तारा आणि लाकूड. बोटेही म्हणायला नको, कारण जेमर्सन उजव्या हाताचे एकच बोट वापरी. त्याचे वाद्य १९६२ चे फेंडर प्रिसिजन होते. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला १९५१ मध्ये हा बेस बाजारात आणला. उभ्या बेसवर स्वर कानाने शोधावा लागतो, इथे फ्रेटमुळे तो नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. त्या काळी घोडीवर धातूचे झाकण येत असे आणि झाकणाच्या आत तारांवर दाबून बसणारा स्पंजचा तुकडा असे. बहुतेकांनी ते झाकण काढून टाकले, काहींनी त्याची रक्षापात्री केली आणि गिटारवाल्यांच्या बोलीत त्याचे नावही तेच पडले. जेमर्सनने झाकणही ठेवले आणि स्पंजही. तारा 'ला बेला' या कंपनीच्या, पोलादी चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, सर्वांत जाड तार ०.११० इंचांची, आणि त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे असे त्याच्याबरोबर वाजवणारे सांगत.

पियानोपाशी गट थोडा थांबला. १८७७ चा तो स्टाइनवे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या खर्चाने दुरुस्त झाला आहे, असे मार्गदर्शक मुलगी सांगत होती. तेवढ्यात माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच डाव्या हाताची बोटे हवेत चालवली. ती चाल मी ओळखली. साठी ओलांडलेल्या त्या बाई ओहायोतल्या टोलीडोहून आल्या होत्या आणि दर रविवारी चर्चमध्ये बेस वाजवत होत्या. पंधरा जणांच्या गटात आम्ही बेसवाले तिघे निघालो, आणि फेरी संपल्यावर तिघेही कॉफी प्यायला गेलो हे ओघानेच आले.

तिथे दीड तास जो वाद झाला, तो पुण्यात टपरीवर झाला असता तरी शब्द फारसे बदलले नसते. दादा गाडीचे ऑइल बदलावे तशा दर दोन महिन्यांनी तारा बदलतो. गोल तारेने गुंडाळलेल्या, चकचकीत, बोट सरकवले की चर्र आवाज करणाऱ्या. बाईंनी शांतपणे सांगितले की त्यांच्या तारा अकरा वर्षांच्या आहेत.

"अकरा वर्षं? मग उरलाय काय त्यांच्यात?" दादाने विचारले.

"स्वर उरलाय. बाकीचं गेलं ते बरंच झालं," त्या म्हणाल्या.

पुढे गोष्ट वजनावर आली. खांदा दुखू लागल्यावर बाईंनी चौतीस इंची बेस मुलाला दिला आणि तीस इंचांचा, छोट्या मापाचा घेतला; मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर याच मापाचा आहे, ही त्यांची मोठी पुष्टी. तो विमानात वरच्या कप्प्यात बसतो हे ऐकून मला माझी वाकलेली खुंटी आठवली. अँपचे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचे, सामान तर आता इतके हलके झाले आहे की माझा दोन किलोंचा अँप डब्याच्या पिशवीत मावतो. जेमर्सन क्लबात वाजवताना ज्यावर वाजवी तो अँपेग कंपनीचा बी-१५ अँप आठवला की हसू येते: पंधरा इंची स्पीकरचे जड खोके, आणि वरचा काचेच्या नळ्यांचा भाग काम झाल्यावर उलटा करून खोक्यातच बंद करायचा. ताकद तीसेक वॉट. अँपेग हे नावच मुळी उभ्या बेसच्या जमिनीवर टेकणाऱ्या खुंटात माइक बसवण्याच्या, म्हणजे 'अँप्लिफाइड पेग'च्या, कल्पनेवरून आले. माझ्या डब्याच्या पिशवीतल्या यंत्राची ताकद त्याच्या दहापट आहे आणि तरीही त्याच्यासमोर मला ते केविलवाणे वाटते. हे मी हिशेबाने सिद्ध करू शकत नाही.

परतताना वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या वुडलॉन दफनभूमीत गेलो. जेमर्सन १९८३ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला वारला आणि त्याला इथे आणून पुरले. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्याचा तो १९६२ चा बेस चोरीला गेला होता. घोटाभर बर्फात आम्ही अर्धा तास शोधले. दगड सापडला नाही आणि अंधार पडू लागला.

घरी आल्यावर दादा काही न बोलता स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासायचा नवा स्पंज घेऊन तळघरात उतरला. कात्रीने दोन बोटे रुंदीची पट्टी कापून त्याने ती माझ्या बेसच्या घोडीलगत तारांखाली सरकवली. वाजवून पाहिले, आवाज लाकडावर मूठ आपटल्यासारखा, स्वरच लागेना. पट्टी केसभर मागे घेतली. आता स्वर आला, पण तिसरी तार मुकी. पुन्हा सरकवली. गुडघ्यावर बसून, कान वाद्याला लावून, एका बोटाने तार छेडत तो पट्टी मागेपुढे करीत होता आणि मला एकदम मिरजेचे मावशीचे माजघर दिसले. मावशी रियाजाला बसण्याआधी तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा अशीच सरकवत असे, मान अशीच कलती करून, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, उघडेपर्यंत. गल्लीतल्या कारागिराने केलेला तो तंबोरा दादाने लहानपणी शेकडो वेळा जुळताना पाहिला होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याने मला रात्री दोन वाजता फोन केला होता.

"धाग्यानं स्वर लांबतो आणि हा तुकडा तो तोडतो," मी म्हणालो.

"आई जिथे सरकवायची, जागा मात्र तीच," दादा वर न पाहता म्हणाला.

चौथ्या-पाचव्या प्रयत्नात तो आवाज सापडला: डग्ग्यावर तळवा ठेवून घुमारा दाबावा तसा गोल, भरलेला, आणि पुढचा स्वर येण्याआधी आपण होऊन बाजूला होणारा. मी मग वेगळाच वाजवू लागलो. स्वर रेंगाळत नसल्यामुळे मधल्या जागा भरायला हात आपोआप धावू लागला, आणि जेमर्सनच्या त्या दाट, वळणावळणाच्या चालींतला प्रत्येक स्वर इतका स्वच्छ कसा ऐकू येतो, याचा एक भाग तरी मला त्या तळघरात उमगला. दादाने त्या महिन्यात तारा बदलल्या नाहीत. मी चपट्या तारांचा एक जोड विकत घेतला, ६० डॉलरला, आणि तो पुण्यात बसवायचा ठरवून बॅगेत ठेवला.

परतीच्या प्रवासात बेस केबिनमध्ये आला, कारण विमान अर्धे रिकामे होते. मुंबईला तपासणीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी पडद्यावर वाद्य पाहिले, मग स्पंजच्या पट्टीवर बोट ठेवून "हे काय?" असे विचारले. मी सांगितले. "म्हणजे आवाज कमी करायला एवढं लांब गेला होतात?" ते म्हणाले आणि बॅग पुढे ढकलली.

फ्रेटची टोके मी मुद्दाम कानशीने घासली नाहीत. मार्च-एप्रिल-मे बोटाला लागत राहिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, आणि एका संध्याकाळी नेकच्या कडेने हात फिरवला तर काहीच लागले नाही. तारा मात्र चांगल्याच उचलल्या गेल्या होत्या. नेकच्या आतून तिला सरळ ठेवणाऱ्या सळईला, ट्रस रॉडला, पाव फेरा द्यावा लागला.