पंचनाम्यातला एकच रकाना

शिरूरच्या पट्ट्यात मोराचं कौतुक भारी, पण भुईमूग भरायला लागला की त्याच मोराच्या नावानं बोटं मोडतात. नुकसानीच्या पंचनाम्याला गेलो, तर आबांनी आपल्या शेताच्या बांधावरच मोबाइल पुढे केला. फोटोत रानात लांडोरींचा थवा दाणे टिपतोय. "साहेब, अजून काय पुरावा पाहिजे?" तलाठी भाऊसाहेब मोटरसायकलवरून उतरलेच नाहीत, त्यांना पुढची गावं उरकायची होती.

मी सरीत उकिडवा बसलो. मोर पायानं माती मागे फेकतो, त्याचं उकरणं उथळ आणि पसरट. इथं वेलाच्या बुडाशी नेमका खोल खड्डा, मग दोन वेल सोडून दुसरा. टरफलं चोचीनं फोडलेली नव्हती, पटाशीच्या दातांनी कुरतडलेली होती. कुंपणाच्या जाळीखाली माती खरवडून वाट केलेली, तिथंच लांबुळक्या लेंड्या आणि एक काळा-पांढरा काटा. साळिंदर. ते रात्री येतं, उजाडायच्या आत बिळात. मागे सांडलेले दाणे वेचायला सकाळी लांडोरी उतरतात आणि फोटो त्यांचाच निघतो.

मोर काही साधू नाही. पेरलेलं बी आणि कोवळे कोंब तो ओळीनं साफ करतो. पण हे खड्डे त्याचे नव्हते.

"रानडुक्कर लिहा की," शेजारचा हळूच म्हणाला. डुकराची भरपाई निघते, हे गावात पोराटोरांनाही पाठ आहे. पण डुक्कर मुसंडी मारून अख्खा वाफा उलथतं. इथं खड्ड्याशेजारचा वेल जागचा हललेला नव्हता. मी 'साळिंदर' लिहिलं आणि शेऱ्यात मोराचाही उल्लेख केला. कागद परत आला : प्राणी एकच नमूद करावा. खुर्चीत बसून रान असं एका रकान्यात मावतं!

आबांना वाटतं, मी मोराला पाठीशी घालतोय. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात, हे त्यांना मी नव्यानं सांगायला नको. मला धास्ती वेगळीच आहे. रागाच्या भरात कुणी विष लावलेले दाणे टाकले, तर सकाळी मोर मरतील आणि रात्री खड्डे पडतच राहतील.

जाळी हातभर जमिनीत गाडा, असं सांगून आलोय. खर्च कोण देणार, हे त्यांनी विचारलं. पंचनामा अजून माझ्याच टेबलावर आहे; शेऱ्यातला मोर खोडायला हात धजत नाही.