जुन्या बी४५० बोर्डावर ५७००एक्स: नोंद तिसरी

आईनं सकाळीच आभाळाकडं बघून सांगितलं, "आज वळीव येणार बघ. तुझं काय ते जेवणाआधी उरकून घे." सांगलीत मे महिन्यात दुपारी वारा सुटला की लाइट जाते, आणि बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अर्धं लिहून झालेलं असताना लाइट गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती. म्हणून जुन्या कॉम्प्युटरात नवा प्रोसेसर बसवायला रविवारी सातलाच बसलो, यूपीएसची बॅटरी पूर्ण भरून.

मशीन तेच, २०१९ मध्ये जोडलेलं: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड. आमच्या हौशी नाटकांची चित्रीकरणं यावर संकलित करतो. पाऊण तासाच्या प्रयोगाची फाइल बाहेर काढायला तासाच्या वर वेळ जायचा. एएम४ सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, मला मनापासून कौतुक वाटतं ते इथं. २०१८ च्या बोर्डात २०२२ चा आठ कोअरचा ५७००एक्स प्रोसेसर बसतो. दोन्ही प्रोसेसरांचा टीडीपी, म्हणजे उष्णतेचा ठरवलेला आकडा, ६५ वॉटच, त्यामुळं एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला नाही.

बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही, आणि माझ्या बोर्डाला प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं बटण नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला. कंपनीच्या वेबसाइटवर बोर्डाच्या पानावर आधी एक मधली आवृत्ती टाकायला सांगितलं होतं, ती टाकली, मगच शेवटची. हे पान नीट वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता कूलर. एएम४ मध्ये पिना सॉकेटात नसून प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट सुकून घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटची दांडी लावलेली असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. भावाच्या मशीनवर माझ्या हातून हे झालं होतं. कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या, त्या एटीएम कार्डाच्या कडेनं एकेक सरळ करताना घाम फुटला. या वेळी आधी अर्धा तास रेंडर (व्हिडिओची फाइल बाहेर काढणं) लावून पेस्ट तापवली, मशीन बंद केलं, वायर काढली. चारही स्क्रू तिरक्या जोडीनं थोडेथोडे सैल केले आणि कूलर डावी-उजवीकडं हळूहळू पिळला. सुटला, प्रोसेसर जागेवरच राहिला. तो क्षण फार समाधानाचा होता.

नवा प्रोसेसर कूलरशिवाय येतो, म्हणून १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घेतला होता. पहिल्यांदा सुरू करताच पडद्यावर एफटीपीएमबद्दल, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या भागाबद्दल, तो नव्यानं सुरू करू का असा प्रश्न आला, वाय की एन. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर इथं घाईत वाय दाबू नका. रिकव्हरी की हाताशी नसेल तर डेटाला मुकाल. मी आदल्या रात्रीच बिटलॉकर थांबवून ठेवलं होतं. शिवाय बायोस अपडेटनंतर एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंग, बंद होतं. माझी ३२०० ची रॅम २६६६ वर चालत होती, ते पुन्हा चालू केलं.

तीच फाइल आता ३८ मिनिटांत निघते. तापमानाचं मात्र अजून मनासारखं नाही. खोलीत ३५ अंश असताना रेंडरला ८१ पर्यंत गेलं. कॅबिनेटचं पुढचं काचेचं पॅनल काढून तोच रेंडर लावला तर ७३. म्हणजे कूलर ठीक आहे, पुढचे पंखेच हवेला उपाशी आहेत. पण आमचं घर रस्त्याकडेला. पॅनल उघडं ठेवलं तर आठ दिवसांत आत धुळीचा थर बसेल. बारीक जाळीचं पॅनल कापून बसवायचं ठरवलंय, पंख्यांच्या मागं चुंबकी फिल्टरसकट. मापं घेऊन झाली आहेत. कुणी ॲल्युमिनियमची जाळी वापरली असेल तर छिद्रं किती मिलिमीटरची ठेवली ते जरूर सांगा.

वळीव चार वाजता आला. लाइट गेली तेव्हा मी मागच्या वायरी बांधत होतो.